बोर्डवर आधी 'नको' लावा

"बोलेल गं, याचा काका तर पाच वर्षांचा होईपर्यंत गप्पच होता." हे आमच्याकडे प्रत्येक लग्नकार्यात ऐकायला मिळतं, मग कोणी वेखंड मधात उगाळून चाटव म्हणतं, कोणी जीभ खाली चिकटलीय का बघून घे म्हणतं. सगळ्यांचा जीव आहे त्याच्यावर, मान्य, पण माझ्या लेकाला अॅप्रॅक्सिया आहे. म्हणजे शब्द डोक्यात तयार असतो, जिभेत-ओठांत ताकद पण असते, पण कुठल्या हालचालीनंतर कुठली करायची ते मेंदूला नीट जुळवता येत नाही. आज 'बाबा' स्पष्ट म्हणेल, उद्या तेच म्हणायला गेला की भलतंच काहीतरी. त्याला चाटण देऊन काय होणार? (ऐकू नीट येतंय ना ही तपासणी मात्र सगळ्यात आधी करा.)

थेरपी चालूच आहे, ती लवकर संपणारी नाही. पण तोवर पोरानं काय गप्प बसायचं? म्हणून आम्ही चित्रांचा बोर्ड वापरतो, थेरपिस्ट लोक अशा साधनांना एएसी म्हणतात, म्हणजे बोलण्याला जोड किंवा पर्याय. चित्रं दाखवायची सवय लागली की बोलायचा आळस करेल अशी भीती आम्हाला पण घातली गेली होती, पण यावर बरंच संशोधन झालंय आणि त्यात तसं काही दिसत नाही, उलट काही मुलांचं तोंडी बोलणं थोडं वाढतंच.

आता माझं खरं म्हणणं. बहुतेक घरांतल्या बोर्डवर काय असतं? पाणी, भूक, शी, शू, झोप. ही तर हॉस्पिटलात नर्सला बोलवायची बेल झाली! मूल त्यावर फक्त मागू शकतं, भांडू शकत नाही, चिडवू शकत नाही, 'हे काय' विचारू शकत नाही. पहिलं चित्र 'नको'चं असावं, मग 'अजून', 'थांब', 'चल', 'बघ', 'मज्जा', म्हणजे जेवताना, बागेत, अंघोळीला कुठेही चालतील असे शब्द. आमचा चावायचा, अगदी दात उमटेपर्यंत. 'नको' हाताशी आलं आणि आम्ही ते ऐकायला लागलो तसं चावणं कमी होत गेलं. ऐकायला लागलो हे महत्त्वाचं हां, त्यानं दुधीवर 'नको' दाखवलं आणि तुम्ही तरी घास कोंबलात तर उद्या तो बोर्ड भिरकावून देईल आणि बरोबरच आहे त्याचं. औषधाला 'नको' चालत नाही, तेव्हा "कळलं रे, तुला नकोय, पण घ्यावं लागेल" एवढं तरी म्हणायचं.

दुसरं, बोर्ड मोठ्यांनी पण वापरायचा, नुसतं "दाखव बघू, दाखव" करत त्याची परीक्षा घ्यायची नाही. माझ्या सासूबाई वाढताना "अजून? पोळी?" म्हणत त्या त्या चित्रावर बोट ठेवतात आणि मग थांबतात. हे थांबणंच सगळ्यात अवघड, आपल्याला लगेच उत्तर भरायची घाई. परवा पठ्ठ्यानं आजीच्या ताटाकडे बघत 'आजी', 'पोळी', 'नको' असं ओळीनं दाखवलं आणि स्वतःच खिदळायला लागला. "मेला मला उपाशी ठेवतोय!" सासूबाई म्हणाल्या आणि मुद्दाम मोठा घास घेतला.

अॅप हवं असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो फुकट आहे आणि मराठीत पण आहे, त्यात आवडलं-नाही आवडलं, हो-नाही, अजून-कमी अशी बटणं कायम बाजूला असतात हे मला फार पटलं. तरी कागदाचा लॅमिनेट केलेला बोर्ड ठेवाच, मोबाईल हातात आला की यूट्यूबची आठवण होतेच. आणि चित्रांत आपल्याच आजीचा, आपल्याच वरणाच्या वाटीचा फोटो लावा.

दोन वर्षांचं होऊन मूल दोन शब्द जोडत नसेल तर काकाची गोष्ट बाजूला ठेवून दाखवून या. सरकारी जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासणारं केंद्र, कुठेय विचारा, मुंबईत असाल तर वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग ही राष्ट्रीय संस्था आहे. जाताना मूल घरी कसं खुणा करतं त्याचा छोटा व्हिडिओ काढून न्या, तिथे नवीन माणसांसमोर ही मुलं हमखास गप्प बसतात.