तुम्ही विचारलंत म्हणून: वजन उतरलं, ताकद कुठे गेली?

‘वजन कमी करायच्या ऑपरेशनला 3 महिने झाले, 18 किलो उतरले, मग जिना चढताना मांड्या का भरून येतात?’ फॉलो-अपला हा प्रश्न ठरलेला. सूर असा, की आम्हीच काहीतरी लपवलं.

लपवलं नाही हो. काट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. उतरलेल्या वजनातला साधारण पाव हिस्सा चरबीचा नसतो, म्हणजे 18 मधले चार-साडेचार किलो. त्यात पाणीही आलं, कारण 1 ग्रॅम ग्लायकोजेन (यकृत आणि स्नायूंत साठवलेली साखर) संपलं की सोबत तीनेक ग्रॅम पाणी जातं. म्हणून चरबी-स्नायू मोजणारा पहिल्या पंधरवड्याचा रिपोर्ट मनावर घेऊ नका. तिसऱ्या महिन्याचा मात्र घ्या.

गोम आहे ताटलीत. स्लीव्हनंतर, म्हणजे जठर कापून अरुंद नळीसारखं केल्यावर, पोटात जेमतेम 100 ते 150 मिली मावतं आणि प्रोटीन लागतं रोज 60 ते 80 ग्रॅम. आता एक दिवस मांडून बघू. सकाळी नाचणीची पेज, ‘हलकी’ म्हणून. दुपारी चार चमचे वरणभात, की पोट गच्च. चारला चहा-बिस्कीट, रात्री ताक. प्रोटीनची बेरीज 15 ग्रॅमच्या वर जात नाही. कमी पडलेलं प्रोटीन शरीर मांड्यांच्या स्नायूंतून काढतं. तेव्हा आधी अंडं (6 ग्रॅम प्रोटीन) किंवा 50 ग्रॅम पनीर (9), मग भाजी, भात जागा उरली तर. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. व्हेचा (दुधापासूनची प्रोटीन पावडर) एक स्कूप 24 ग्रॅमच्या आसपास देतो. घोट घोट घ्या, गटागट प्यायलात तर मळमळेल. ‘व्हेने किडनी जाते’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना किडनीचा रिपोर्ट दाखवा. आजार आधीच असेल, तर प्रमाण डॉक्टर ठरवतील.

एक कबुली. ‘रोज चाला, पुरे’ असं मीच सांगत असे. पुरत नाही. स्नायूला भार लागतो, म्हणजे वजन पेलण्याचा व्यायाम, नुसतं प्रोटीन ओतून तो टिकत नाही. आणि दोन्ही केलं तरी थोडा जातोच.

‘स्नायू गेला, मग रक्तातली साखर कशी सुधारली?’ पोटाच्या बायपासनंतर (हेही वजनाचंच ऑपरेशन) पहिल्या काही दिवसांत सुधारतं ते मुख्यतः यकृत. स्नायूंच्या तंतूंत साठलेली चरबी इन्सुलिनचा निरोप अडवते. ती उतरायला महिने लागतात. मग उरलेला स्नायू आधीपेक्षा चांगलं काम करतो. कमी, पण चांगला. हा सौदा फायद्याचा का? चाळिशीत बहुधा हो. सत्तरीत मी इतक्या ठामपणे म्हणणार नाही. आपल्याकडे मुळात स्नायूंची पुंजीच कमी, मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्यातल्या नवजात बाळांतही तेच दाखवलं, वजन आणि स्नायू कमी, चरबी मात्र राखलेली.

पुढच्या वेळी काट्यावर चढण्याआधी खुर्चीत बसा. हात छातीवर. 30 सेकंदांत किती वेळा उठता, तो आकडा फाइलवर आधी लिहू.