चौतीस फूट दोर

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापते दिवस, लागून तीन दिवस झाले होते. पारा ४५ च्या खाली यायचं नाव घेत नव्हता आणि संध्याकाळी एकाएकी आंधी आली. नागपुरात धरमपेठेतल्या आमच्या गल्लीच्या तोंडावरचा गुलमोहर अर्धा मोडून तारांवर पडला. लाइन गेली. तासाभरात येईल म्हणून आम्ही नेहमीसारखंच पाणी वापरलं. रात्री उकाड्यानं जीव नकोसा झाला तेव्हा पाचही जणांनी परत आंघोळी केल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मोरीतल्या नळानं फुस्स केलं. गच्चीवरची १००० लिटरची टाकी रिकामी. सरकारी नळाला सकाळी करंगळीएवढी धार आली होती, तेवढ्यात दोन गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, भरले, ते पिण्यासाठी झाकून ठेवले.

विहीर अंगणातच होती. आजेसासऱ्यांनी खोदवलेली, आत काळ्या दगडाचं बांधकाम. वाकून पाहिलं तर खाली पाणी चमकत होतं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या पाण्यात मोटर बुडालेली आहे, आणि विहिरीतून पाणी काढणं म्हणजे बटण दाबणं, एवढंच मला ठाऊक.

शेजारच्या काकूंचा मुलगा म्हणाला, इन्व्हर्टरवर मोटर चालवून पाहू. आमचा इन्व्हर्टर ८५० व्हीएचा, मोटर एक एचपीची. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण तेवढं काम मोटर बाहेर देते. वीज त्याहून जास्त घेते, आणि सुरू होताना क्षणभर तर कितीतरी पट. इन्व्हर्टरनं शिट्टी मारली आणि तो बंद पडला. नशिबानं जळला नाही. हा प्रयोग कोणी करू नये, रात्रीचा एक पंखा आणि मोबाइलची चार्जिंगही हातची जाते.

मग काकूंकडचा जुना हापसा आठवला, त्यांच्या हौदावरचा. तो काठावर बसवून पाइप खाली सोडावा, असा विचार. बोरिंगवाल्या मिस्त्रींना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, पाणी किती खाली आहे?" मला सांगता येईना. सुतळीला दगड बांधून सोडला, ओली झालेली जागा बघून टेपनं मोजलं. ३४ फूट. "मंग तो हापसा नाई चालत. पंचवीस फुटांच्या खालचं पाणी वरून नाई ओढल्या जात."

हे मला तेव्हा पटलं नव्हतं, नंतर नीट समजून घेतलं. वरचा पंप पाणी ओढत नाहीच. तो पाइपातली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. हा दाब समुद्रकाठी पाण्याला फार तर १०.३ मीटर, म्हणजे सुमारे ३४ फूट उचलू शकतो. नागपूर समुद्रापासून सुमारे ३१० मीटर उंच, त्यामुळे इथे त्याहूनही थोडं कमी; शिवाय झिजलेले वॉशर, सांध्यांतली गळती. प्रत्यक्षात सातेक मीटरवर काम संपतं. पेट्रोलचा पंप आणून काठावर ठेवला असता तरी हेच झालं असतं. त्या पंपाच्या भाड्याचे पैसे मिस्त्रींच्या एका प्रश्नानं वाचले.

"गडगडी माळ्यावर आहे," आई म्हणाल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय ७६. "यांच्या बाबांनी फेकू नाई दिली."

लोखंडी गडगडी, म्हणजे दोर ओढायची कप्पी, निघाली, गंजून घट्ट झालेली. रॉकेल नव्हतं, खोबरेल तेल सोडून रात्रभर ठेवली. विहिरीवरचे दोन दगडी खांब शाबूत होते, वरचं लाकूड किडलं होतं. तिथे मिस्त्रींनी लोखंडी पाइप टाकून दिला. विहिरीवरची जाळी अर्धीच उघडली, घरात लहान मुलं आहेत.

पहाटे पाचला मी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आणि प्लॅस्टिकची बादली घेऊन उभी. बादली खाली गेली आणि पाण्यावर बदकासारखी तरंगत राहिली. हलवली, झुलवली, पेलाभर पाणी आलं. आई ओट्यावरून बघत होत्या. "काय करून राहिली गं? लोखंडाची घे. अन् पाण्याला टेकली की हिसका दे, बाजूनं, मंग ती तोंड वळवते." लोखंडी बादली घेतली, हिसका दिला, बादली कलंडली, बुडाली, दोरी जड झाली. इतका आनंद झाला की मी घाईघाईनं ओढायला लागले. अर्ध्यावर नायलॉन तळहातातून सटकलं आणि कातडी सोलून गेलं. पुढच्या खेपेला हिसक्यासरशी दोरी एकदम हलकी झाली. मी बादलीला सरगाठ मारली होती, ती सुटली. बादली तळाशी.

आईंनी रागावावं असं मला वाटत होतं, त्यांनी गळ मागवला. तोही माळ्यावरच होता, चार आकड्यांचा. खाली सोडून हळूहळू फिरवायचा, आकडा कडीत अडकला की हाताला कळतं. मला वीस मिनिटांत कळलं नाही. आईंनी दोर हातात घेतला, डोळे मिटले, आणि तिसऱ्या फेरीला बादली वर आली. मग माझा हात धरून त्यांनी निरगाठ शिकवली: दोन वेढे कडीत, टोक मागून, आणि दोन विती शेपूट सोडायचं. इतवारीतून नवरा जाड सुती दोर घेऊन आला. दोराला ३४ फुटांवर लाल चिंधी बांधली. चिंधी गडगडीशी पोचली की हिसक्याची तयारी.

गडगडीनं वजन कमी होत नाही. दहा लिटरची बादली वर येते ती दहा किलोचीच, शिवाय लोखंड. फक्त खाली ओढता येतं, त्यामुळे दंडाबरोबर अंगाचा भारही कामाला येतो. शहराच्या पाण्याचा हिशेब माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, म्हणजे पाच जणांना ६७ बादल्या. आम्ही २२ काढल्या. बागेला नाही, कपडे नाहीत, भांडी राखेनं घासून एका बादलीत. पंधराव्या बादलीनंतर पाणी गढूळ यायला लागलं. सीताबर्डीच्या टेकडीपासून पश्चिमेला खाली सगळा काळा बेसाल्ट आहे, त्याच्या फटींतून पाणी झिरपतं, आणि मे महिन्यात ते फार सावकाश येतं. तीन तास थांबलो, मग उरलेल्या सात.

दोन गुंड संपल्यावर हेच पाणी प्यायला लागलं. तुरटी फिरवली तर गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत, म्हणून निवळलेलं पाणी गाळून खळखळ उकळलं. त्यात कुचराई केली नाही.

लाइन तिसऱ्या रात्री आली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मिस्त्रींनी विहिरीवर आडवी गर्डर टाकून इंडिया मार्क टू हापशी बसवली. हिचं सिलिंडर खाली पाण्यात असतं, तिथून पाणी वर ढकललं जातं, म्हणून ३४ फुटांची अडचण तिला नाही. सोलापूर आणि जालन्याला मिशनच्या लोकांनी बनवलेल्या हापशांच्या अनुभवातून १९७० च्या दशकात ही घडली, हे वाचलं तेव्हा तिच्याबद्दल आपुलकी वाटली. दांडा आठ पट जोर देतो. माझी दहा वर्षांची मुलगी मिनिटभरात बादली भरते. पाणी गच्चीवर मात्र जात नाही, म्हणून अंगणात २०० लिटरचा ड्रम ठेवला आहे.

गडगडी आणि दोर आईंनी काढू दिला नाही. हापशीच्या बाजूला जाळीचा एक चौकोन उघडतो, तिथून बादली जाते. ऑगस्टमध्ये एका पावसाळी सकाळी लाइन गेली, तेव्हा मी हापशी सोडून मुद्दाम बादलीच सोडली. जेमतेम दोराची चार-पाच वेटोळी सुटली आणि ती पाण्याला टेकली. लाल चिंधी अजून ओट्यावर, आईंच्या पायाशी होती.