'ज्युडिशियसली'ला मराठीत काय म्हणायचं?

आरोग्यविषयक पत्रकं इंग्रजीतून मराठीत आणणं हे माझं काम. दरवर्षी १८ ते २४ नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेचा, प्रतिजैविकांना (अँटिबायोटिक्सना) आणि तशा औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंविषयीचा जागृती सप्ताह असतो. त्याच्या आधी अनुवादाला नव्याने लागलेलं कुणीतरी मला हमखास विचारतं, ''यूज ज्युडिशियसली'ला काय लिहू? 'न्यायाने वापरा' बरोबर वाटत नाही.'

वाटणार नाहीच. न्यायाशी नातं आहे, पण मुळातलं. लॅटिन 'यूडिकियम' म्हणजे निवाडा; 'ज्युडिशियल' आणि 'ज्युडिशियस' दोघेही त्याच घरचे. पहिला कोर्टकचेरीत रमला. दुसरा नीट तोलून केलेल्या कुठल्याही निवडीला लागू लागला. झाड ज्युडिशियसली छाटता येतं, लेखात उदाहरणं ज्युडिशियसली पेरता येतात. पण कुणी ज्युडिशियसली शिंकत नाही. काय ठेवायचं, काय गाळायचं, किती, केव्हा, हे ठरवावं लागतं तिथेच तो शोभतो. 'प्रूडंटली' जवळचा, तरी वेगळा. त्याच्या मुळाशी पुढचं पाहणं आहे, म्हणून त्यात सावधपणा जास्त.

मला विचाराल तर मराठीत 'तारतम्याने'. लघुतर, लघुतम यांतले जे 'तर' आणि 'तम' प्रत्यय, त्यांच्यापासून हा शब्द झाला. कमी-अधिकाची पारख त्याच्या अंगातच आहे. किती सुंदर घडण आहे ही! 'विवेकाने'ही चालेल, विवेक म्हणजे मुळात वेगळं काढणंच. पण संतांनी त्याला जी उंची दिली आहे, तिच्यामुळे गोळ्यांच्या पत्रकात तो जड होतो.

'काटकसरीने' मात्र कधीही लिहू नका. मी लिहिलं होतं, सुरुवातीच्या काळात. शेजारच्या काकूंनी ते पत्रक वाचलं आणि ५ दिवसांच्या गोळ्यांपैकी २ दिवसांच्या गोळ्या डबीत ठेवून दिल्या. म्हणाल्या, 'तूच लिहिलंयस ना, काटकसरीने. पुढच्या तापाला होतील.' त्या डबीकडे बघताना मला फार वाईट वाटलं. प्रतिजैविक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. साध्या सर्दीला ते घ्यायचंच नाही, आणि डॉक्टरांनी दिलं तर त्यांनी सांगितलं तसंच घ्यायचं. चुकीच्या वापराने औषधाला दाद न देणारे जिवाणू फोफावतात. इंग्रजी वाक्यात हे सगळं होतं, माझ्या मराठीने त्याची बचत करून टाकली.

तेव्हापासून लेखात, भाषणात 'तारतम्याने' वापरते. पत्रकात मात्र मी त्याला एक शब्द शोधतच नाही. 'डॉक्टरांनी दिलं तरच घ्या. सांगितलं तेवढंच घ्या. सांगितले तितके दिवस घ्या. उरलेलं कुणाला देऊ नका, पुढच्या आजारासाठी ठेवू नका.' मांडणी करणारे दरवेळी जागेसाठी अडतात, एवढं लांबवायला नको म्हणतात. मी त्यातलं एकही वाक्य सोडत नाही.