कुलवृत्तांताचा डेटाबेस, नोंद ६ : आत्याचा जन्म सोमवारचा की मंगळवारचा?

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की तारखांचे रकाने झाले, आता फक्त फोटो जोडायचे राहिलेत. ते शब्द गिळतो. गेले पाच आठवडे एकही फोटो जोडलेला नाही. सगळे रविवार तारखांनी खाल्ले.

नव्याने आलेल्यांसाठी दोन ओळी. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत मी पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये भरतोय. कच्चा माल म्हणजे आजोबांच्या रोजनिश्या, एक पत्र्याची ट्रंक भरून पोस्टकार्डं, शाळेचे दाखले, आणि आत्यांची स्मरणशक्ती. सुरुवात अर्थातच एक्सेलमध्ये केली होती. तिथे पहिल्याच पानावर ठेच लागली, कारण खापरपणजोबा १८८७ चे आणि एक्सेलच्या लेखी काळ १९०० मध्ये सुरू होतो. त्याआधीची तारीख लिहिली की ती मुकाट्याने मजकूर म्हणून बसते, आणि क्रम लावला की सगळे पूर्वज शेवटी जाऊन गोळा होतात. शिवाय कधीच न उगवलेला २९ फेब्रुवारी १९०० त्याच्याकडे आहे तो वेगळाच.

मग काही महिने मायएसक्यूएल, हे दुसरं डेटाबेस सॉफ्टवेअर. तिथल्या टाइमस्टॅम्प या तारीख-वेळेच्या प्रकाराची धाव १९७० ते १९ जानेवारी २०३८, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद, एवढीच. म्हणजे आमच्या घरातली निम्मी माणसं बाहेर. डेटटाइम हा दुसरा प्रकार मात्र १००० सालापासून ९९९९ पर्यंत घेतो, त्यामुळे अडलं नसतं. तिथली एक गोष्ट मला मनापासून आवडायची : सेटिंग ढिलं ठेवलं तर महिना किंवा दिवस शून्य ठेवून तारीख भरता येते. ‘१९१८, महिना ठाऊक नाही’ असं म्हणायची सोय! पण पुढे वयाचा हिशेब करायला गेलं की तो शून्य दिवस घशात अडकतो. असो, ते प्रकरण बंद झालं.

आता पोस्टग्रेस, आणि पहिली लाज माझीच.

जन्मतारखांच्या रकान्याला मी टाइमस्टॅम्पटीझेड हा तारीख आणि वेळ एकत्र ठेवणारा प्रकार दिला होता (टीझेड म्हणजे टाइमझोन). ‘वेळ कळली तर ठेवता येईल’ हा विचार. वेळ बहुतेकांची नव्हतीच, मग रात्रीचे बारा आपोआप भरले गेले. न्यू जर्सीच्या चुलतभावाला पान बघायला दिलं तर त्याचा फोन : “दादा, आमच्या बाबांची तारीख एक दिवस मागे का दाखवतंय?” कारण साधं आहे. भारतातले रात्रीचे बारा म्हणजे यूटीसीचे (जगभरच्या घड्याळांची सामाईक वेळ) आदल्या दिवशीचे साडेसहा, संध्याकाळचे. न्यू जर्सीत तर तेव्हा आदल्या दिवसाची दुपार. पानाने त्याच्या घड्याळाप्रमाणे दाखवलं, म्हणजे सॉफ्टवेअर बरोबर, मी चूक.

इथे एक गैरसमज मलाही होता, म्हणून ठासून लिहितो. टाइमस्टॅम्पटीझेडमध्ये टाइमझोन साठवला जात नाही. नाव काहीही सांगो. तुम्ही दिलेली वेळ तो यूटीसीत फिरवतो, आठ बाइट्समध्ये ठेवतो, आणि कुठून फिरवली ते विसरतो. परत दाखवताना बघणाऱ्याच्या सेशनचा (डेटाबेसशी त्याच्या जोडणीचा) टाइमझोन लावतो. झोन लक्षात ठेवायचा असेल तर त्याचा रकाना आपणच वेगळा करायचा. जन्मतारीख, मृत्युतारीख, लग्नाची तारीख या गोष्टींना घड्याळ नसतं, त्यांना निव्वळ डेट प्रकार. चार बाइट्स, आणि न्यू जर्सीतही तारीख तीच. एका संध्याकाळी सगळे रकाने बदलले. बदलताना सेशन एशिया/कोलकाता या भारताच्या टाइमझोनवर ठेवायला विसरू नका, नाहीतर सगळं घराणं एक दिवसाने म्हातारं होतं. (झालं होतं. बॅकअप होता.)

आता आत्या.

थोरल्या आत्याच्या जन्माची आजोबांच्या हातची नोंद अशी : ‘शके १८६५ पौष शु. १५, सोमवार, उत्तररात्री ३ वा. २० मि. (नवी वेळ). कन्या. दोघी सुखरूप.’ जांभळी शाई, ‘सुखरूप’ खाली रेघ.

पंचांगाने पौर्णिमेचा सोमवार निघाला १० जानेवारी १९४४. मी तीच तारीख भरून मोकळा झालो होतो. पण आजोबांचा वार सूर्योदयाला बदलतो, रात्री बाराला नाही. सोमवारची उत्तररात्र, तीन वाजून वीस मिनिटं, म्हणजे इंग्रजी तारखेने मंगळवार, ११ जानेवारी. आत्या जन्मभर १० तारखेला वाढदिवस करत आली आहे. शाळेच्या दाखल्यावर तिचीच तारीख १ जून १९४३. त्या दाखल्यावर तिने नोकरी केली आणि पेन्शनही घेते.

तर एकाच बाईच्या जन्माच्या तीन तारखा, आणि तिन्हींना कागदाचा किंवा माणसाचा आधार. एका रकान्यात हे मावत नाही. म्हणून माणसांच्या टेबलातून जन्मतारीख काढूनच टाकली आणि ‘दावे’ नावाचं वेगळं टेबल केलं. एका दाव्यात कोण, कसली घटना, कागदावर जसं लिहिलंय तसा मजकूर अक्षर न बदलता, त्यावरून मी काढलेली तारीख, आणि तो कागद कुठला. मजकुराच्या रकान्याला मी पुन्हा हात लावत नाही. माझा अर्थ चुकला तर अर्थाचा रकाना बदलतो.

जाता जाता एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला प्रश्न, चालवली : कुठल्या तारखेला आमच्याकडे सर्वाधिक जन्म? उत्तर तुम्हाला न सांगता कळलं असेल. १ जून. नाव घालायला मूल शाळेत नेलं की गुरुजी अंगापिंडाकडे बघून साल लावायचे आणि तारीख १ जून ठेवून द्यायचे. आता दाव्याच्या टेबलात ‘गुरुजींची तारीख’ अशी एक खूण आहे. ती लागली की वयाच्या हिशेबात तो दावा सगळ्यांत मागे उभा राहतो.

पण त्या नोंदीतला खरा मासा कंसात होता. ‘नवी वेळ.’ हे काय? १९४२ ची रोजनिशी उघडली, आणि १ सप्टेंबर, मंगळवारच्या पानावर एकच ओळ : ‘आजपासून घड्याळ १ तास पुढे. कोंबडा ऐकत नाही.’

युद्धाच्या काळात भारताचं घड्याळ तासभर पुढे होतं. टाइमझोनच्या माहितीकोशात, जो पोस्टग्रेस वापरतो, एशिया/कोलकाताखाली हे नोंदलेलं आहे : १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत यूटीसीच्या साडेपाच नव्हे, साडेसहा तास पुढे. त्याआधी ऑक्टोबर १९४१ ते मे १९४२ असाही एक टप्पा आहे. मी ११ जानेवारी १९४४, ३:२० ही वेळ एशिया/कोलकाता लावून घातली आणि परत मागितली. उत्तरात शेपूट आलं अधिक ०६:३०. यूटीसीत बघितलं तर १० जानेवारी, रात्रीचे ८:५०. म्हणजे यूटीसीपुरता तरी आत्याचा वाढदिवस बरोबर!

मी आधी सगळीकडे ‘अधिक ०५:३०’ असं हाताने लिहीत होतो. तसं केलं असतं तर आत्याच्या जन्माची वेळ तासाने चुकली असती आणि मला कधी कळलंही नसतं. पत्रिकावाल्यांच्या दृष्टीने तास म्हणजे जवळपास अर्धं लग्न (पत्रिकेतली उगवती रास, मांडवातलं नव्हे). आता तिची पत्रिका मांडणाऱ्याने तो तास वजा केला होता का, हा प्रश्न मी घरात अजून काढलेला नाही. ऐंशी पार केल्यावर रास बदलून कोणाचं भलं होणार?

मुंबईकर शाखेची गंमत उलटी. गिरगावातल्या एका चुलत आजोबांचा जन्म १९३६ चा, चिठ्ठीवर ‘स. ७-१५ मुं. टा.’ हा मुंबई टाइम, यूटीसीच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तरी मुंबईने आपलं घड्याळ पुढे कित्येक दशकं सोडलं नाही. दोन्हींत ३९ मिनिटांचा फरक, त्यामुळे सव्वासात म्हणजे प्रमाणवेळेने ७:५४. माहितीकोशात मुंबईचा वेगळा झोन नाही, तिथे नाव लावून भागत नाही. वेळेला थेट अधिक ०४:५१ चिकटवायचं, ते पोस्टग्रेस आनंदाने घेतो. आणि १९०६ च्या आधीचं काही एशिया/कोलकाता लावून घातलंत तर शेपूट दिसेल ०५:२१:१०. मी बिघाड समजून तासभर शोधत बसलो होतो. ती मद्रासची वेळ आहे, रेल्वे त्या घड्याळावर चालायची. आमच्या वाईच्या वाड्यात १८९९ साली मद्रासचं घड्याळ कोण बघत होतं, देव जाणे. त्या काळच्या नोंदींना मी वेळेचा दावा फक्त मजकूर म्हणून ठेवलाय, यूटीसीच्या नादाला लागलो नाही.

दोन खड्डे, पटकन सांगतो. पहिला, वेळेपुढे ‘आयएसटी’ लिहू नका. माझ्याकडच्या १६ व्या आवृत्तीत मूळ सेटिंगला आयएसटी म्हणजे इस्राएल. धाकट्या काकाचा जन्म सकाळी ६:१० चा घातला तर परत आला ९:४० ला. टाइमझोनच्या संक्षेपांचं सेटिंग ‘इंडिया’ केलं की सुधारतं, पण मी संक्षेपच सोडले. दुसरा, ‘ॲट टाइम झोन’ या आज्ञेपुढे अवतरणात अधिक ०५:३० लिहिलंत तर तो चिन्ह उलटं धरतो आणि तुम्हाला अटलांटिकच्या पलीकडे नेतो. तिथे इंटरव्हल (कालावधीचा प्रकार) द्या किंवा शहराचं नाव.

‘१९१८ च्या साथीत गेले’ अशा नोंदींसाठी डेटरेंज हा ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ असा प्रकार मिळाला आणि मायएसक्यूएलच्या शून्यांची हळहळ संपली. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर १९१८ घातलं की तो स्वतःच १ जानेवारी १९१९ च्या आधीपर्यंत असं लिहून घेतो. शेवटचं टोक बाहेर धरायची त्याची पद्धत आहे. पहिल्यांदा बघून दचकायला होतं, पण ‘आईच्या मृत्यूनंतर मुलाचा जन्म’ असले घोळ पकडायला झकास. आमच्याकडे तसे दोन सापडले. एक माझी टंकनचूक, दुसरीकडे एकाच नावाच्या दोन सवती निघाल्या.

अडलंय ते श्राद्धतिथींपाशी. ‘भाद्रपद वद्य ९’ ही तारीख नाहीच, ती दर वर्षी वेगळ्या तारखेला येते. सध्या मास, पक्ष, तिथी असे तीन छोटे आकड्यांचे रकाने आणि अधिक मासासाठी हो-नाहीचा एक, एवढं केलंय. पण तिथीचा क्षय झाला त्या वर्षी काय, आणि अधिक मासात गेलेल्या माणसाचं पुढच्या वर्षी कुठे धरायचं, हे नियम कोडमध्ये बसवायचे तर आधी मला कळायला हवेत. गुरुजींना विचारलं (हे शाळेतले नव्हेत), तर त्यांनी विचारलं, “तुला तारीख हवी आहे की शास्त्र?” मी म्हटलं, तारीख. ते म्हणाले, “मग पंचांग बघ.”

माझ्याकडे शके १८५० ते १८६० मधली पंचांगं नाहीत. कोणाच्या माळ्यावर असतील तर त्या वर्षांच्या पौष आणि माघाच्या पानांचे फोटो पाठवा, आठ दावे त्यांच्यावाचून अडलेत.