आरेकिपा ते चिवाय : अल्पाका बघायचे तर दिवसाउजेडी निघा

पेरूतल्या कोल्का दरीच्या एकदिवसीय सहली आरेकिपा शहरातून पहाटे तीनच्या सुमारास निघतात. कॉन्डॉर, म्हणजे इथली भलीमोठी गिधाडं, दाखवून संध्याकाळी परत. पैसे वाचतात, पण जाताना अख्खा घाट अंधारात जातो. येताना गाडी थांबते खरी, पण तोवर निम्मी मंडळी डोकं धरून बसलेली असतात, खाली उतरायला कोणी तयार नसतं. आणि अल्पाका, म्हणजे लोकरीसाठी पाळलेले उंटाच्या कुळातले प्राणी, नेमके तिथेच, त्या माथ्यावर चरत असतात. म्हणून दोन दिवसांची सहल घ्या, सकाळी निघा आणि दरीतल्या चिवाय गावी मुक्काम करा. कॉन्डॉर काय, दुसऱ्या दिवशी सकाळीही बघता येतात.

उंचीचा हिशोब आधी करून ठेवा. आरेकिपा 2,335 मीटरवर, वाटेतली पातापाम्पा खिंड 4,910 मीटरवर आणि चिवाय पुन्हा खाली, 3,635 वर. आपली कळसूबाई 1,646 मीटर. अशा तीन कळसूबाई एकावर एक रचा, म्हणजे खिंड आली. दर रविवारी गड चढणाऱ्यांनीही इथे मिजास करू नये, विरळ हवेपुढे पायातली ताकद कामाला येत नाही. लिमा समुद्रकाठी आहे, तिथून आल्यावर आरेकिपात निदान दोन रात्री काढा. आदल्या रात्री हलकं जेवा, दारू नको. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची का, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर नक्कीच विचारा.

शहर सुटलं की मिस्ती ज्वालामुखी बराच वेळ सोबत करतो. पुढे सालिनास इ आग्वादा ब्लांका अभयारण्याचं माळरान लागतं. पाम्पा कान्याउआसला विकुन्या दिसतात : दालचिनीच्या रंगाच्या, बारीक मानेच्या, रानटी. अल्पाका हे यांचेच सहा-सात हजार वर्षांपूर्वी माणसाळलेले वंशज. पाताहुआसीला चहाचा थांबा असतो. कोका, मुन्या आणि चाचाकोमा अशा तीन पाल्यांचा काढा मिळतो, तो घ्या. बरं वाटतं, पण त्याच्या भरवशावर खिंडीत धावपळ करू नका.

खरी मजा त्यापुढच्या बोफेदालमध्ये. बोफेदाल म्हणजे उंचावरची पाणथळ कुरणं. आजूबाजूला सगळी पिवळी, टोचरी इचू गवताची ठोंबं आणि मध्येच हा हिरवागार, स्पंजासारखा पट्टा. लामा, म्हणजे अल्पाकांचे थोराड भाऊबंद, सुक्या इचूवरही भागवतात, अल्पाकांना मात्र ही ओली, कोवळी वनस्पती लागते. म्हणून मेंढपाळ छोटे पाट काढून वितळलेल्या बर्फाचं पाणी या कुरणांवर खेळवतात. आम्ही एप्रिलमध्ये गेलो. पाऊस नुकताच सरलेला, त्यामुळे कुरणं भरलेली आणि कळपात पिल्लंही होती.

एक करडी मादी रस्त्यापासून हातभर अंतरावर चरत होती. वरचा ओठ मधोमध चिरलेला, दोन्ही बाजू वेगवेगळ्या हलत होत्या. पुढचे वरचे दात नसतातच, तिथे नुसती कडक हिरडी. खालचे दात आणि ही हिरडी यांच्यात गवत धरून ती ते कापते, मुळापासून उपटत नाही. पायांना गाईसारखे खूर नाहीत. दोन बोटं, त्यांना नखं आणि खाली मऊ गादी. एवढा कळप फिरूनही कुरण तुडवलेलं दिसत नाही, ते त्यामुळेच. पोटाला तीन कप्पे, रवंथ चालूच, त्यामुळे निकस चाऱ्यातूनही पोषण काढता येतं. लेंड्या कळपातले सगळे ठरावीक जागीच टाकतात. या उंचीवर झाडं नाहीत, वाळलेल्या लेंड्या चुलीत जातात आणि बटाट्याच्या शेतातही.

आपण चार पावलं चालून धापा टाकतो आणि ही मादी निवांत असते, याचं उत्तर रक्तात आहे. उंचीवर राहिलं की आपलं शरीर तांबड्या पेशी वाढवत नेतं आणि रक्त दाट होत जातं. अल्पाकाच्या पेशी मुळातच लहान आणि लंबगोल, आणि त्यांचं हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू चटकन पकडतं. त्यामुळे रक्त फारसं दाट न होताच काम भागतं.

थंडीचीही सोय आहे. अंगभर दाट लोकर, पण पोटाखाली आणि मांड्यांच्या आत ती विरळ. दुपारी उन्हात तिथून उष्णता बाहेर पडते. रात्री पाय अंगाखाली दुमडून बसलं की तोच भाग झाकला जातो. आमच्या वाटाड्याने सांगितलेली गोष्ट मला सगळ्यात आवडली : अल्पाका बहुतेक सकाळी ते दुपारी वितात. आई पिल्लाला चाटून कोरडं करत नाही, ते काम उन्हाचं. रात्री विणाऱ्या मादीचं ओलं पिल्लू इथल्या गारठ्यात टिकणार कसं?

कुरणात पाय घालू नका. बूट भिजतात हे एक, आणि ती कोणाच्या तरी चराईची जागा असते हे दुसरं. कान मागे पाडून हनुवटी वर केलेला अल्पाका दिसला की बाजूला व्हा, थुंकायची तयारी असते. केळ्यासारखे वळलेले कान दिसले तर तो लामा. रस्त्याकडेला सजवलेल्या अल्पाकासोबत फोटो काढायचा तर सुटे सोल (पेरूचं चलन) जवळ ठेवा, पण मला विचाराल तर ते पैसे खिंडीतल्या विणकर बायांकडे खर्च करा. खिंडीत थांबायचं फार तर पंधरा मिनिटं. सबांकाया ज्वालामुखी 2016 पासून धुमसतोय, नशीब असेल तर राखेचा लोट दिसतो. टोपी, सनस्क्रीन आणि वाऱ्याचं जाकीट हाताशी हवं.

शाकाहारींनी आरेकिपात सोल्तेरितो मागवावा : बाकला, मका आणि चीज घातलेली कोशिंबीर. सूपमध्ये मांसाचं पाणी असू शकतं, दरवेळी विचारा. मेनूवर अल्पाकाचं मांसही असतं, हे आधीच माहीत असलेलं बरं.

लोकर घ्यायची तर आरेकिपातच, अल्पाका लोकरीचा मोठा व्यापार इथलाच. ‘बेबी अल्पाका’ ही तलमपणाची प्रत आहे, ती पिल्लाचीच असते असं नाही. बाजारात फार स्वस्त मिळणाऱ्या स्वेटरमध्ये बहुधा ॲक्रिलिकच असतं.

आणखी दोन गोष्टी. पेरूहून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र मागतात. सरकारमान्य केंद्रात निघण्याच्या किमान दहा दिवस आधी लस घ्या. आणि कोकाच्या चहाच्या पुड्या, गोळ्या हॉटेलातच ठेवून या, भारतात कोकाच्या पानांवर बंदी आहे.