सीसीची रिकामी लिस्ट

गेल्या आठवड्यात एका क्लायंटचा फोन आला, आवाज चढलेला, म्हणे आमचं बिल भलत्याच कंपनीला कसं काय गेलं. बिलं मेल करणाऱ्या आमच्या प्रोग्रॅमचा लॉग उघडला आणि पोटात गोळाच आला. सकाळच्या पहिल्या मेलला सीसीमध्ये, म्हणजे मेलची प्रत ज्यांना जाते त्या यादीत, 1 पत्ता, दुपारच्या मेलला 41. सपोर्टवाल्यांनी याआधी दोनदा सर्व्हर रीस्टार्ट करून तिकीट बंद केलेलं, का थांबलं हे बघायची तसदी कोणी घेतली नाही.

त्यात आकडा सरळ वाढतही नव्हता, 41 नंतर 12, मग परत 38. क्यूवर, म्हणजे पाठवायच्या मेलच्या रांगेवर, संशय घेऊन अर्धा दिवस घालवला. नंतर डोक्यात आलं की वर्कर, म्हणजे मेल पाठवणाऱ्या वेगवेगळ्या प्रोसेस, 4 आहेत, प्रत्येक प्रोसेसची मेमरी वेगळी, म्हणजे प्रत्येकाकडे आपापली लिस्ट साठतेय.

कोड पायथनचा. मेलच्या क्लासमध्ये, म्हणजे ज्या साच्यातून प्रत्येक मेलचा ऑब्जेक्ट बनतो त्यात, इनिटच्या (दर नव्या ऑब्जेक्टला चालणाऱ्या फंक्शनच्या) बाहेर, अगदी वर लिहिलेलं, सीसी बरोबर रिकामी लिस्ट. ती ओळ क्लास तयार होताना एकदाच चालते, मग हजार ऑब्जेक्ट बनवा, लिस्ट तीच. खाली पत्ता टाकायला सेल्फ डॉट सीसी डॉट अपेंड, आता सेल्फ दिसलं की आपल्याला वाटतं हे या ऑब्जेक्टचंच, पण पायथन आधी ऑब्जेक्टमध्ये शोधतो, तिथे नाही सापडलं की क्लासमध्ये जातो आणि तिथल्या सामायिक लिस्टमध्ये पत्ता ढकलतो. पायथनच्या शेलमध्ये हाताने दोन मेल बनवले, एकात पत्ता टाकला, दुसऱ्याची सीसी प्रिंट केली. तोच पत्ता. मी हसलो खरं तर, रडण्यासारखं असूनही.

लोकलला, म्हणजे आमच्या स्वतःच्या मशिनवर, कधीच दिसलं नाही कारण फाइल सेव्ह केली की सर्व्हर नव्याने उठतो, आणि टेस्टमध्ये मेलचा ऑब्जेक्ट एकच. असल्या टेस्टवर आम्ही हिरवी टिकमार्क मिरवतो.

दुरुस्ती काय, ती एक ओळ इनिटमध्ये सेल्फ लावून नेली, संपलं. डेटाक्लास (फील्ड टाइपसकट लिहायचा पायथनचा तयार प्रकार) वापरला असता तर पायथनने लिस्ट बघून तिथेच एरर दिला असता.

पण मला खटकतंय ते वेगळंच. त्या ओळीच्या लगेच वर रीट्राय (मेल किती वेळा परत पाठवून पाहिला त्याचा आकडा) बरोबर 0 आहे, तेही क्लासवरच, आणि ते व्यवस्थित चालतं, कारण सेल्फ डॉट रीट्राय प्लस इक्वल 1 केलं की वाचताना क्लासचा 0 घेतला जातो पण लिहिताना ऑब्जेक्टवर नवीन व्हेरिएबल तयार होतं. नशिबाने चालणारा कोड. नव्या मुलाने वरची ओळ बघून खाली तशीच सीसी लिहिली, कोणीही लिहिली असती. गिट ब्लेममध्ये, म्हणजे कुठली ओळ कोणी लिहिली त्या नोंदीत, सीसीपुढे त्याचं नाव आहे, रीट्रायपुढे माझं, आणि रिव्ह्यूला अप्रूव्हही मीच केलेलं.

मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाले, ज्युनिअर आहे, होतं असं. तो मान खाली घालून बसला होता. रीट्रायचं मी काही बोललो नाही.