आओरीता म्हणजे नक्की कधी?

मेक्सिकोतली स्पॅनिश जरा जास्तच लाडात असते. आज सकाळी प्लंबर फोनवर म्हणाला, ‘आओरीता येतो.’ आओरा म्हणजे आत्ता, त्याला ‘इता’ लावलं की आत्ताच्या आत्ता. पुस्तकात तरी. साहेब उगवले संध्याकाळी साडेपाचला!

वाट बघता बघता शब्दकोश चाळत बसले. मोस्का म्हणजे माशी, मोस्कितो म्हणजे चिमुकली माशी, अर्थात डास. बुर्रितो म्हणजे छोटं गाढव (खाताना आठवायचं नाही). वाइना म्हणजे शेंग, तिची धाकटी ती वाइनिया, आपलं व्हॅनिला.

पण सगळ्यात भारी ‘गेरिया’, म्हणजे गनिमी काव्याचं ‘गुरिल्ला’. गेर्रा म्हणजे युद्ध, त्याचं हे छोटं रूप. १८०८ मध्ये नेपोलियनच्या फौजा स्पेनभर पसरल्या, तेव्हा गावोगावच्या टोळ्यांनी रसद लुटून, वाटा अडवून त्यांना जेरीस आणलं आणि हा शब्द युरोपभर झाला. तंत्र मात्र आपल्या सह्याद्रीत दीडशे वर्षं आधीच मुरलेलं, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

अनेकवचनाची तऱ्हा आणखी वेगळी. पाद्रे म्हणजे वडील, पाद्रेस म्हणजे आईवडील दोघंही. एस्पोसा म्हणजे बायको आणि एस्पोसास म्हणजे बायका, शिवाय हातकड्यासुद्धा! नवऱ्याला सांगितलं, तर तो अजून हसतोय.